पावणेचार वर्षांचा मुलगा सारखा मारतो, पुस्तकातलं मानसशास्त्र घरात लावायचं कसं?

केवड्याची_वेणी (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. बरेच महिने इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे आणि धाकटी पाच महिन्यांची. गेल्या दोन-तीन महिन्यांत तो फार मारायला लागलाय. आधीही कधीतरी हात उचलायचा, पण आता रोजचंच झालंय. बालवाडीत कुणी खेळणं घेतलं की फाडकन देतो, घरी चुलत बहिणीचे केस ओढतो, आणि मागच्या सोमवारी एका मुलीच्या कपाळावर स्टीलची पाण्याची बाटली मारली. टेंगूळ आलं तिला. दुपारी तिची आई मला गेटवर भेटली, काही बोलली नाही, फक्त मुलीची हनुवटी धरून कपाळ माझ्याकडे वळवलं. त्या रात्री मला झोप नाही लागली.

घरात प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. सासूबाई म्हणतात एक ठेवून दिली की सरळ होतो, आमची चार पोरं अशीच वाढली. सासरे म्हणतात पैलवान आहे तो, शिवाजी पेठेतलं रक्त आहे, जाऊ दे. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, शिफ्टवरून आले की त्याच्याशी बुक्क्या-बुक्क्या खेळतात, "मार बघू, किती ताकद आहे", त्यानं मारली की हे मुद्दाम कॉटवर आडवे पडतात आणि अख्खं घर हसतं. दिवसभरात बापलेकाचा तेवढाच वेळ असतो त्यामुळे मला नको म्हणवत नाही.

मी स्वतः दोनदा मारलंय त्याला. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो रडत रडत पाळण्याकडे गेला, बाळाच्या पायावर चापट मारली आणि वळून माझ्याकडे बघितलं.

यंदा मी दूरशिक्षणातून बी.ए.ला प्रवेश घेतलाय आणि पहिल्या वर्षाला मानसशास्त्र आहे. रात्री बाळ झोपलं की अध्ययनाचं प्रकरण वाचते, पावलॉवचा कुत्रा, स्किनरची पेटी, प्रबलन, विलोपन, पुढच्या प्रकरणात आक्रमकता, त्याच्या पुढं बालविकास. परीक्षेपुरतं पाठ होतंय हो, पण शेजारी झोपलेल्या पोराकडे बघून कळत नाही की यातलं त्याला काय लागू आहे. आक्रमकता जन्मजात असते का शिकलेली, पुस्तकात दोन्ही लिहिलंय. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना? आणि एक मैत्रीण म्हणाली की त्याला उशी दे मारायला, राग बाहेर पडला की शांत होतो, ते खरं का? दुकानात चिप्सच्या पाकिटासाठी फरशीवर लोळतो तेव्हा तर माझं डोकंच चालत नाही, कडेवर बाळ, सगळे बघतायत, शेवटी दहाचं पाकीट घेऊन देते, तो गप्प होतो आणि घरी येऊन मी स्वतःवरच चिडते.

कुणी शिकवणारं, शिकलेलं, नाहीतर नुसतं यातून गेलेलं असेल तर सांगा.

---

कागलचा_भाऊ

ताई वाईट वाटून घेऊ नका पण सासूबाई बरोबर बोलतात. आम्हाला घरी वडिलांनी आणि शाळेत गुरुजींनी फोकानं मारलं म्हणून वळणावर आलो. आजकाल पोरांना हात लावायचा नाही म्हणून डोक्यावर बसतात. एकदाच द्या पण लक्षात राहील अशी द्या.

---

बालवाडी_बाई

केवडा ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, तुमचं पोरगं वाया गेलेलं नाही. मी बावीस वर्षं बालवाडीत आहे, अडीच ते साडेचार वयाच्या वर्गात मारणारं, चावणारं, ढकलणारं पोर नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. तुम्हाला ती बाटली एकटीची वाटते, पण हे वयच हातांचं असतंय. शब्द अजून पुरेसे आलेले नसतात आणि हात तर तयार असतोय.

आता आमच्यात काय करतो ते सांगतो. कुणी पोर सारखं मारायला लागलं की मी एक वही घालतो. शंभर पानी, साधी. तीन रकाने आखतो: मारायच्या आधी काय चाललं होतं, मारलं कसं, आणि मारल्यानंतर त्याला काय मिळालं. आठ दिवस फक्त लिहायचं, ओरडायचं नाही, उपदेश करायचा नाही, दुसऱ्याला लागणार असेल तर मधे हात घालायचा तेवढंच. गेल्या वर्षी एक पोरगं होतं, सगळे म्हणायचे की ते कधीही कुणालाही मारतंय. वही उघडली तर काय दिसलं, अकरा नोंदींमधल्या आठ नोंदी सव्वाअकरा ते साडेअकराच्या मधल्या. डबा साडेअकराला. पोर सकाळी सहाला दूध पिऊन यायचं, नंतर पोटात काही नाही. आम्ही त्याला अकरा वाजता एक केळं द्यायला लागलो आणि निम्म्याहून जास्त मारणं तिथंच संपलं. राहिलेल्या तीन वेळा सगळ्या एकाच लाल सायकलवरून.

म्हणजे पहिलं भुकेचं होतं आणि दुसरं वस्तूसाठी होतं. दोन्हीला "मारकुटा" हा एकच शब्द लावला असता तर दोन्ही कळलं नसतं.

सायकलीसाठी आम्ही त्याला एक वाक्य दिलं, "तुझं झालं की मला दे." नुसतं सांगून होत नाही हां, मी गुडघ्यावर बसून त्याच्या कानात म्हणायचो, मग तो म्हणायचा, आणि म्हणाला की लगेच सायकल मिळेल हे मी बघायचो. पहिले पंधरा दिवस लगेच म्हणजे लगेच. मारून जेवढ्या पटकन मिळत होती त्याच्यापेक्षा बोलून पटकन मिळाली पाहिजे, नाहीतर ते पोर कशाला बोलेल?

तुमच्या घरातली वही तर तुम्ही इथंच अर्धी लिहून टाकलीय, तुम्हाला दिसलं नाही एवढंच. बाबांना मारलं की काय मिळतंय? सगळ्यांचं हसू. बाळाला मारलं की काय मिळतंय? आईची मान वळते. बाळ आल्यापासून दिवसात किती वेळा पूर्ण मान त्याच्याकडे वळली असेल, सांगा बरं.

कागलच्या भाऊंना: शाळेत मारणं आता कायद्यानंच बंद आहे, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. आणि कायदा नसता तरी मी मारलं नसतं. पहिली चार वर्षं मी हातावर पट्टी मारलेली आहे, त्यातलं एक पोर आज रिक्षा चालवतंय, भेटलं की पाया पडतंय, पण मला त्याचा हात दिसतो.

---

फळा_आणि_खडू

ताई, मी कॉलेजला मानसशास्त्र शिकवतो. वागण्यानंतर काय मिळतं त्यावर ते वागणं वाढतं की कमी होतं, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं मांडलं. बाईंनी जे लिहिलंय ते स्किनरच आहे, फक्त वहीत उतरवलेला. तुमच्या प्रश्नांकडे एकेक करून येतो, क्रम मागंपुढं होईल.

आधी ऋण प्रबलन, कारण परीक्षेत निम्मी मुलं इथंच मार्क घालवतात. प्रबलन म्हटलं की वागणं वाढलंच पाहिजे, मग ते धन असो की ऋण. धन म्हणजे काहीतरी हवंसं मिळालं म्हणून वागणं वाढलं. ऋण म्हणजे काहीतरी नकोसं थांबलं म्हणून वागणं वाढलं. गाडीत बसल्यावर बेल्ट लावेपर्यंत टुंग-टुंग वाजत राहतं, लावला की थांबतं, म्हणून माणूस बेल्ट लावायला शिकतो, हे ऋण प्रबलन. शिक्षेनं वागणं कमी होतं, निदान तेवढ्यापुरतं. एवढं डोक्यात ठेवलं की चुकत नाही.

आता तुमचं चिप्सचं दुकान बघा. मुलगा लोळला, पाकीट मिळालं, त्याचं लोळणं वाढलं, हे धन प्रबलन. पण त्याच क्षणी तुमच्या बाजूला काय झालं? आरडाओरडा, लोकांच्या नजरा, कडेवरचं बाळ, हे सगळं नकोसं तुम्ही पाकीट दिल्याबरोबर थांबलं. म्हणजे तुमचं पाकीट देणं वाढलं, ऋण प्रबलनानं. तो तुमच्याकडून शिकतोय आणि तुम्ही त्याच्याकडून शिकताय, दोघंही एकाच वेळी, आणि दोघांनाही ते कळत नाही. अमेरिकेत ओरेगनला जेरल्ड पॅटरसन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी घराघरात माणसं बसवून आईबाप आणि मुलांमधलं हे चक्र नोंदवून घेतलं. आक्रमक मुलांच्या घरात हेच दिसत होतं, एकानं जोर वाढवायचा, दुसऱ्यानं हार मानायची, आणि हार मानली की शांतता. तुम्ही घरी येऊन स्वतःवर चिडता ना, ते चिडणं सोडा. तुम्ही कमजोर नाही, तुम्हालाही शिकवलं गेलंय.

आणि हे कधी द्यायचं कधी नाही असं केलं तर सगळ्यात अवघड. दहातल्या तीन वेळा पाकीट मिळत असेल तर ते लोळणं मोडायला फार वेळ लागतो, स्किनरनं कबुतरांवर आणि उंदरांवर हे पुन्हा पुन्हा दाखवलंय, लॉटरीची तिकिटं घेणारा माणूस त्याच नियमानं घेत राहतो. म्हणून ठरवलं तर पूर्ण ठरवायचं. आणि एक आधीच सांगून ठेवतो: द्यायचं बंद केलं की पहिल्यांदा लोळणं वाढू शकतं, जास्त जोरात, जास्त वेळ. विलोपन म्हणजे मिळणं बंद करून वागणं मोडणं, त्याच्या सुरुवातीला हे बऱ्याचदा होतं. लोकांना वाटतं उपाय उलटला, आणि नेमक्या त्या दिवशी पाकीट देतात, मग पोर शिकतं की आणखी जोर लावला की मिळतं.

जन्मजात की शिकलेली? पुस्तकात दोन्ही लिहिलंय कारण दोन्ही आहे, पण आपण प्रश्नच उलटा विचारतो असं मला दरवर्षी वाटतं. कॅनडातले रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांना अगदी लहानपणापासून वर्षानुवर्षं पाहिलं. हाताने मारणं, चावणं, ढकलणं याचं प्रमाण सगळ्यात जास्त कधी, तर साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, आणि नंतर बहुतेक मुलांमध्ये ते उतरत जातं. म्हणजे मूल मारायला शिकतं यापेक्षा न मारायला शिकतं हे जास्त खरं. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. पावणेचार वर्षांच्या मुलाकडून आपण किती मागतोय बघा.

पण मग शिकण्याचा भाग कुठला? कसं मारायचं, कुणाला मारायचं, मारून काय मिळतं, हे सगळं शिकलेलं. अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ चा बोबो बाहुल्याचा प्रयोग तुमच्या पुस्तकात असेलच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं, ३६ मुलगे, ३६ मुली, वय साधारण तीन ते पावणेसहा. काहींसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बुक्क्या मारल्या, लाकडी हातोडी हाणली, अंगावर बसून नाकावर मारलं, आणि तोंडानं बोलतही होता. नंतर मुलांना आधी छान खेळणी दाखवून काढून घेतली म्हणजे थोडं चिडवलं, आणि मग बाहुला असलेल्या खोलीत सोडलं. ज्यांनी ते मारणं पाहिलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी तसंच्या तसं मारलं, तेच शब्द बोलून. त्यांना कुणी बक्षीस दिलं नव्हतं, नुसतं बघून आलं. यावर आक्षेपही आहेत, बाहुला तर मारायलाच असतो, माणसाला मारणं वेगळं, आणि ते रास्त आहेत.

पण मला १९६५ चा पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि विद्यार्थी तोच वगळतात. यात फिल्म दाखवली. एका गटाला शेवटी मारणाऱ्याला शाबासकी मिळताना दिसली, दुसऱ्याला शिक्षा होताना, तिसऱ्याला काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. मग मुलांना सांगितलं, त्यानं काय काय केलं ते करून दाखव, ज्यूस आणि स्टिकर देतो. तर तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं! म्हणजे शिकली सगळीच होती, शिक्षेनं फक्त दाखवणं थांबलं होतं. भाऊ, तुमच्या फोकाचं उत्तर माझ्या मते यात आहे. मारानं मूल तुमच्यासमोर थांबेल, पण मारणं कसं असतं ते तुमच्याकडूनच शिकलेलं असेल आणि ते बालवाडीत काढेल, जिथं तुम्ही नसता. एलिझाबेथ गेर्शॉफ यांनी २००२ मध्ये ८८ अभ्यास एकत्र करून पाहिले, मार दिला की मूल त्या क्षणी ऐकतं हे खरं निघालं, पण मार खाणाऱ्या मुलांत पुढे आक्रमकता जास्त असल्याचंही निघालं. हे संबंध आहेत, प्रत्येक मार खाल्लेलं मूल बिघडतं असं कुणी म्हणत नाही.

आपल्या गावातलं एक उदाहरण देतो. वर बालवाडी बाई "सांगतो, करतो" लिहितात, कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. हे कुठल्या शाळेत शिकवलंय? उलट शाळेत व्याकरणाच्या तासाला "मी करते" शिकवतात आणि मुलगी घरी येऊन आईसारखं "मी करतो" म्हणते. कारण घरात ते रोज ऐकू येतं आणि बोलणारी तिची स्वतःची आई असते. आईबापाचा हात पण असाच रोज दिसतो मुलाला.

उशीचं मात्र करू नका. राग साठतो आणि मारून बाहेर पडतो, याला विरेचन म्हणतात, कल्पना जुनी आहे आणि लोकांना आवडते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० कॉलेजच्या मुलामुलींवर तपासलं. आधी त्यांना चिडवलं, मग काहींना ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर बुक्क्या मारायला लावलं, काही नुसते गप्प बसले. बुक्क्या मारणारे जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले, गप्प बसलेले कमी. ती मोठी मुलं होती, पण राग आला की हात उचलायची सवय लावायला नको हे लहानांनाही लागू आहे असं मला वाटतं.

---

केवड्याची_वेणी

सर, बाई, दोनदा वाचलं. दुकानाचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच मला वाटायचं मीच कमी पडते.

माझं माहेर सोलापूरचं. लग्न होऊन सात वर्षं झाली आणि आता माहेरी फोनवर माझ्याही तोंडून कधी कधी "आलो, आलो" निघतं, आई हसते. मी ते कधी शिकले मलाच माहीत नाही!

एक विचारायचं राहिलं. मी त्याला मारलं ते दोन्ही वेळा बाळ रडत असताना मारलंय. आता बाळ रडायला लागलं की तो आधीच कानावर हात ठेवतो आणि तोंड वाकडं करतो. हे पावलॉवसारखं झालंय का?

---

फळा_आणि_खडू

शक्यता आहे, आणि तुम्ही ते पाहिलंत हे फार चांगलं झालं. पावलॉवचं मूळ काम पचनावर, १९०४ चं नोबेल त्यांना त्याच्यासाठी मिळालं. कुत्र्याला अन्न द्यायच्या आधी मेट्रोनोम वाजायचा, काही दिवसांनी नुसत्या आवाजानं लाळ सुटायला लागली. आवाजाला स्वतःचा अर्थ नव्हता, तो पुढच्या गोष्टीची सूचना झाला. तुमच्याकडे बाळाचं रडणं ही सूचना होतेय, आता आई चिडणार. मग राग बाळावर.

वॉटसन आणि रेयनर यांनी १९२० मध्ये अकरा महिन्यांच्या अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली होती, तो उंदराला हात लावायला गेला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचे. काही वेळा असं केल्यावर तो नुसता उंदीर बघून रडायला लागला. आज असला प्रयोग कुणी करू देणार नाही आणि बरंच आहे. पण जोडलेलं बदलता येतं. बाळ रडलं की त्याच वेळी त्याच्या वाट्याला काहीतरी चांगलं यायला हवं. बाळ रडतंय, चल तू मला दुपटं आण, आणलं की जवळ घ्या. रोज चार-पाच वेळा असं झालं तर रडण्याचा अर्थ हळूहळू बदलेल.

---

कागलचा_भाऊ

सर मी भांडायला नाही विचारत, मनापासून विचारतो. मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग त्या पोरानं बाटली उचलली त्या क्षणी करायचं काय? समजावून सांगत बसायचं?

---

बालवाडी_बाई

भाऊ, हात धरायचा. घट्ट धरायचा पण दुखवायचा नाही. एकच वाक्य, "मारायचं नाही, तिला लागतंय." बास. त्यावर भाषण नाही. मग ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जायचं, पाणी लावायचं, फुंकर मारायची, आणि मारणारं पोर ते बघत उभं राहू दे. आपण नेमकं उलटं करतो, मारणाऱ्याभोवती सगळे गोळा होतात आणि रडणारं तसंच रडत राहतं. मारणं थांबवायचंच, त्यात सूट नाही, फक्त आपण मारून थांबवायचं नाही.

आणि ज्या दिवशी त्यानं खेळणं हातानं न ओढता मागितलं त्या दिवशी सांगायचं, तू मागितलंस, मी बघितलं. हे राहूनच जातंय आपल्याकडून, चांगलं वागलं की आपण चहा प्यायला जातो.

---

लाल_माती

गंगावेशीकडचा आहे, तालमीत वाढलोय, आता गुडघा गेल्यामुळं पोरांना शिकवतो. ताई, तुमच्या सासऱ्यांनी "पैलवान हाय" म्हटलं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पैलवानकी म्हणजे मारामारी नव्हे हो. तालमीत सात-आठ वर्षांचं पोरगं आलं की त्याला पहिला महिना दीड महिना आम्ही कुस्ती देतच नाही. खोरं घ्यायचं आणि आखाडा उकरायचा. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडलेलं असतंय, ती हातानं सारखी करायची, ढेकळं फोडायची. मग जोर, बैठका. मग मोठ्यांची लढत कडेला बसून बघायची, बोलायचं नाही. ह्यात निम्मी आग तशीच उतरतीय असं लोक म्हणतात पण मला ते खरं वाटत नाही, सरांचं बरोबर हाय, अंग दमवून राग जात नाही, दमलेला माणूस तर जास्त चिडतो. खरं काम करतो तो नियम. हात मिळवल्याशिवाय, एकमेकाच्या अंगाला माती लावल्याशिवाय कुस्ती सुरू होत नाही. वस्तादांनी "हं" म्हटलं की सुटायचं, कितीबी डाव रंगात असू दे. आणि राग आला, बुक्की मारली, केस धरला की बाहेर. त्या दिवशी परत आत नाही. आमचे वस्ताद त्याला शिवी पण देत नव्हते, नुसतं बोट करायचे, बाहेर बस. आठ वर्षांचा असताना मी एकदा एकाच्या कानाखाली मारली आणि तीन दिवस बाहेर बसलोय, आत माझ्या जोडीची पोरं लढत होती आणि मातीचा वास येत होता. ते अजून आठवतंय, घरी खाल्लेला मार एकही आठवत नाही.

तुमच्या मिस्टरांनी खेळणं बंद करू नये. बापलेकांनी अंगाला अंग लावून खेळलंच पाहिजे. फक्त बुक्की काढून कुस्ती घालायची. आधी सलामी, मग पकड, आणि कुणीबी "बास" म्हटलं की दोघांनी लगेच सुटायचं. बापानं मुद्दाम मधेच बास म्हणायचं, पोरगं सुटलं की शाब्बास. खाली पडल्यावर हसण्याऐवजी सुटल्यावर हसा. "बास" ऐकून हात सोडता येणं हीच पहिली कुस्ती.

---

दोन_पोरांची_मावशी

सगळे मारण्यावर लिहितायत, मी भांडणं कमी करायची एक छोटी गोष्ट सांगते, ती मला पियाजे या बालमानसशास्त्रज्ञामुळं कळली. पियाजेच्या मते दोन ते सात हे वय डोळ्याला जे दिसतं तेच खरं मानायचं. उंच ग्लासातलं ताक आणि पसरट वाटीतलं ताक, तुम्ही समोर ओतून दाखवलं तरी उंच ग्लासात जास्त आहे असंच म्हणणार. आमच्याकडे रोज भाकरीवरून रडारड, दादाला मोठी दिली म्हणून. मग मी धाकटीच्या अर्ध्या भाकरीचे चार तुकडे करून ताटात पसरून द्यायला लागले. तिला वाटतं तिच्याकडे चार आहेत. ती खूश, दादा सात वर्षांचा आहे, त्याला कळतं की तेवढंच आहे, तो गालात हसतो.

दुसऱ्याला काय वाटतंय हेही या वयात अर्धवटच कळतं. "तुला कुणी मारलं तर कसं वाटेल" असं आपण शंभर वेळा विचारतो, त्या वयाला त्या प्रश्नाचं उत्तर अजून अवघड असतं. त्यापेक्षा तिचं टेंगूळ दाखवा, इथं लागलंय, ती रडतेय, दिसतंय का. दिसतं ते कळतं. पियाजेनं मुलांना जरा कमीच लेखलं असं नंतरच्या अभ्यासात दिसलंय हे खरं, तरी पावणेचार वर्षांच्या पोराला मला हे जवळचं वाटतं.

---

केवड्याची_वेणी

तीन आठवडे झाले म्हणून लिहितेय.

वही घातली. पहिल्या आठवड्यात घरच्या नोंदी चौदा, त्यातल्या सहा मी बाळाला पाजत असतानाच्या. सासूबाईंना सुरुवातीला पटत नव्हतं पण आता त्याच सांगतात, "लिही गं, आत्ता पाच वाजता." या आठवड्यात सात. पाजायला बसले की तो माझ्या पाठीला पाठ लावून बसतो आणि मी त्याला पाठीवर बोटानं चित्र काढून ओळखायला लावते. परवा गाय काढली, तो म्हणाला डायनासोर.

बुक्क्या बंद, आता सलामी. रात्री साडेदहाला दोघं चटईवर, हे मधेच "बास" म्हणतात आणि तो खरंच हात वर करून मागे सरतो. कालपासून तोही "बास" म्हणायला लागलाय आणि ह्यांना सुटायला लागतं.

दुकानाचं सरांनी सांगितलं तसंच झालं, दुसऱ्या दिवशी एवढा लोळला की दुकानदारानं पाण्याचा ग्लास आणला. मी बाळाला घेऊन पायरीवर बसून राहिले, अकरा मिनिटं. पाचव्या वेळी नुसता ओरडला, लोळला नाही. आणि रविवारी आजोबा घेऊन गेले आणि दोन पाकिटं घेऊन आले. सोमवारी परत फरशीवर.

त्या मुलीच्या घरी मी त्याला घेऊन गेले होते. टेंगूळ उतरलं होतं, त्यानं बघितलं आणि कपाळावर फुंकर मारली. तिच्या आईनं चहा केला.

चावणं मात्र नवीन सुरू झालंय, चुलत बहिणीला, दोनदा. त्याचं काय करू?

---

बालवाडी_बाई

चावण्याला चौथा रकाना नको, त्याच तीनात लिहा, आधी काय झालं ते नीट बघा, माझ्या अंदाजानं बहीण जास्त बोलते आणि हा शब्दांत हरतोय. तसं असलं तर एक वाक्य द्या त्याला तिच्यापुरतं. आणि रविवारी आजोबांना वही वाचायला द्या, तुम्ही काही बोलू नका, नुसती हातात द्या. पेपर कधी आहे तुमचा?

---

केवड्याची_वेणी

गुरुवारी. वही आजोबांच्या चष्म्याशेजारी ठेवलीय.